मिरचीला गार पाणी, शिंगाळ्याला गरम: हाताची आग एकच, मग उपाय उलटे का?

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मालवणजवळच्या एक ताई घरगुती मालवणी मसाला करून विकतात. एप्रिल-मेमध्ये दिवस दिवस बसून मिरच्यांचे देठ मोडायचे आणि रात्री हातांची नुसती आग. हात बघावेत तर ना फोड, ना लाली. गार पाण्यात बुडवले की बरं वाटतं, बाहेर काढले की थोड्याच वेळात पुन्हा सुरू. कोमट पाण्याने अंघोळ केली तर कढत पाणी ओतल्यासारखा चटका. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. सासूबाई इतकी वर्षं हेच करतायत, त्यांना कुठे काय होतं? त्यातच दिराला जाळ्यातून शिंगाळा मासा सोडवताना काटा लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याचा हात चांगल्या गरम पाण्यात धरायला लावला आणि ठणका उतरला. ताईंचं विचारणं असं की, एकाला गार आणि एकाला गरम, हे कसं? आणि दरवर्षी हे असंच चाललं तर हातांच्या नसा खराब होतील का?

मी भूलतज्ज्ञ. रत्नागिरी जिल्ह्यात काम करतो आणि आता ऑपरेशन थिएटरपेक्षा वेदनांच्या ओपीडीतच जास्त वेळ जातो. रसायन टोचून नसेतली वीज बंद करायची आणि ती वेळेवर परत येईल हे बघायचं, हाच आमचा धंदा. त्यामुळे ताईंचा प्रश्न मला गार-गरमचा वाटत नाही. खरा प्रश्न असा आहे की, बाहेरचं एखादं रसायन संवेदनेच्या नसेशी नेमकं करतं काय? 'हात जळतो' ही तक्रार एकच असली तरी त्यामागे चार-पाच वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. उपाय तक्रारीवरून ठरवला की चुकतो.

पहिलं सांगतो: हे मनाचे खेळ अजिबात नाहीत. लाली-फोड नाहीत याचा अर्थ कातडी भाजलेली नाही, एवढाच. नस मात्र खरोखर पेटलेली आहे आणि सुई घालून त्या नसेची वीज मोजली तर ती यंत्रावर दिसते.

बोटाच्या टोकापासून निघालेली संवेदनेची नस हा एकाच पेशीचा लांबच लांब धागा असतो. पेशीचं मुख्य शरीर मानेच्या मणक्यांशेजारी असतं, धाग्याचं एक टोक मज्जारज्जूत शिरतं आणि दुसरं हाताच्या कातडीत उघडंवाघडं संपतं. या उघड्या टोकाभोवतीच्या द्रवात सोडियम भरपूर आणि आत कमी. आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर कमी. पेशीच्या आवरणात चॅनेल असतात. आपल्याकडच्या खाजणातल्या बांधाला उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, असतात, तसे समजा. बांधाबाहेर भरतीचं खारं पाणी तुंबलेलं आहे, आत शेत कोरडं आहे, आणि उघाडी उघडली रे उघडली की पाणी आत घुसणार. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे ६० मिलिव्होल्टवर असते. काही कारणाने थोडं सोडियम आत आलं आणि हा आकडा उणे ४५-५० च्या आसपास वर सरकला, की शेजारच्या सोडियमच्या उघाड्या धडाधड उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि विजेचा एक ठोका धाग्यावरून पुढे निघतो. सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात सगळं आटोपतं.

हे सगळं कळलं कशावरून, तर माकलावरून (स्क्विड). रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्याचे ढीग पडतात त्याच जातकुळीतला प्राणी. त्याच्या अंगात एक दांडगी नस असते, अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीची, म्हणजे आत तार घालता येईल एवढी. हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी त्या नसेत तार घालून सोडियम-पोटॅशियमचा हिशेब १९५२ साली मांडला, १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आम्ही जागा बधिर करायला लिग्नोकेन टोचतो तेव्हा आजही त्याच हिशेबावर चालतो.

त्याआधी १९२६ मध्ये एड्रियन आणि झॉटरमन यांनी संवेदनेच्या एकेकट्या धाग्यातली वीज टिपली होती. त्यांना दिसलं ते असं: ठोका नेहमी एकाच उंचीचा. जोरात दाबलं म्हणून ठोका मोठा होत नाही, ठोके जास्त वेळा पडतात. मला वाटतं, ताईंच्या घरच्यांना समजावायला एवढंच पुरे आहे. मिरचीचा रस काही मेंदूपर्यंत जात नाही आणि मेंदूला मिरचीही कळत नाही, निखाराही कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की अमुक धाग्यावरून इतक्या वेगाने ठोके येतायत. तो धागा उष्णतेच्या चटक्याचा असेल, तर निखारा ठेवा नाहीतर लवंगी मिरची चोळा, मेंदू 'भाजलं' असंच म्हणणार. आणि यातले बरेचसे धागे अगदी बारीक, आवरण नसलेले असतात. त्यांच्यावरून ठोका सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. चुलीवरच्या टोपाला बोट लागलं की आधी टोचल्यासारखी चटकन कळ येते, हात मागे येतो आणि मग क्षणभराने खरी आग सुरू होते. पहिली कळ जरा जाड धाग्यांची, दुसरी आग या बारीक धाग्यांची.

आता मिरची. तिच्यातलं तिखट रसायन म्हणजे कॅप्सेसिन. ते सर्वांत जास्त कुठे असतं, तर बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढरट गाभ्यात. आणि तो गाभा देठाच्या बाजूलाच चिकटलेला असतो. म्हणजे देठ मोडताना तुम्ही दर वेळी नेमकी तीच जागा फोडता. सुकी मिरची असेल तर त्याची भुकटी बोटांवर बसते, नखांच्या कडेला, कापल्या-खरचटल्या जागी शिरते. ब्याडगीचे देठ दिवसभर मोडलेत तर फारसं काही होणार नाही, ती रंगाची मिरची. लवंगी किंवा संकेश्वरी जास्त असेल तर रात्र गेलीच. म्हणून एखादी शेजारीण 'मला काही होत नाही' म्हणाली तर तिला आधी विचारा की, तू कोणती मिरची घेतली होतीस?

कॅप्सेसिन ज्या चॅनेलला जाऊन चिकटतं तो चॅनेल १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला; २०२१ चं नोबेल त्यांना आणि अर्डेम पटापूटियन यांना मिळालं. टीआरपीव्ही-१ असं त्याचं नाव. हा चॅनेल मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहे: साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की उघडतो आणि सोडियम-कॅल्शियम आत सोडतो. कॅप्सेसिन चिकटलं की तो उघडतोच, वर त्याचं हे ४३ चं गणितही खाली घसरतं. किती घसरेल ते रसायन किती आहे यावर अवलंबून. पण शरीराच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली येऊ शकतं.

ताईंच्या सगळ्या लक्षणांचा उलगडा इथेच होतो. नुसत्या हाताचं तापमान ३२-३३ अंश असतं. गार पाण्यात हात घातला की चॅनेल मिटतो, ठोके थांबतात. पण कॅप्सेसिन जागचं हललेलं नाही, त्यामुळे हात बाहेर काढून पुन्हा उबेला आला की चॅनेल परत उघडतो. अंघोळीचं ३८-४० अंशांचं पाणी एरवी सुखाचं असतं. त्या रात्री मात्र ते नसेच्या दृष्टीने सरळ चटक्याच्या हद्दीत येतं. खरंखुरं उकळतं पाणी पडल्यावर जे ठोके जातील, तसेच ठोके जातायत. पंख्याखाली हात धरला की बरं, गोधडीत घेतला की आग, हेही त्यातलंच. मिरच्या भाजताना सगळ्या वाडीला ठसका लागतो तोही याच चॅनेलमुळे. श्वासनलिकेतल्या नसांच्या टोकांवरही तो आहे.

गंमत म्हणजे कोंबड्यांना यातलं काही कळत नाही. पक्ष्यांच्या या चॅनेलची घडण जरा वेगळी आहे, तिथे कॅप्सेसिनला हवी तशी जागाच नाही. अंगणात मिरच्या वाळत टाकल्यात आणि कोंबडीने खुशाल टोची मारली तर ती धीट आहे असं समजू नका.

हा झाला पहिला प्रकार: रसायन स्वतः उघाडी उघडतं. दुसरा प्रकार माझ्या ओपीडीत याहून कितीतरी जास्त दिसतो. त्यात रसायन स्वतः फारसे ठोके पाडत नाही, पण नसेला इतकं हळवं करून ठेवतं की एरवी न दुखणारी गोष्टही दुखते. सुजलेला गुडघा, पिकलेलं बोट, उन्हाने भाजलेली पाठ घ्या. जखमी पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात, रक्तातल्या प्रथिनांपासून ब्रॅडिकायनिन तयार होतं. ही रसायनं नसेच्या टोकावरच्या वेगळ्याच ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखणारी प्रथिनं) चिकटतात, पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते आणि तिच्या शेवटी सोडियमच्या चॅनेलवर, त्या ४३ अंशांच्या चॅनेलवरही, फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. चॅनेल तेच, संख्या तीच. फक्त आता ते कमी विजेवर आणि कमी उष्णतेवर उघडतात. म्हणून भाजलेल्या पाठीवर सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही. ॲस्पिरिनसारखी औषधं या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. याच कारणाने ती सुजेच्या दुखण्याला चांगली लागू पडतात आणि मिरचीच्या आगीला जवळजवळ नाही. मिरचीची आग प्रोस्टाग्लँडिनने सुरूच केलेली नसते. तरी लोक रात्री दोन-दोन गोळ्या घेतात आणि सकाळी पित्ताने हैराण होतात.

तिसरा प्रकार आपल्या बांगड्याच्या कालवणातला: तिरफळ. ते तिखट नाही, आंबट नाही. ओठांवर मुंग्या आल्यासारखं, बारीक थरथरल्यासारखं वाटतं. तिरफळाच्या चिनी भाऊबंदातलं सॅनशूल नावाचं रसायन घेऊन २००८ मध्ये यावर काम झालं. पेशीच्या आवरणात पोटॅशियमचे काही चॅनेल सतत थोडे उघडे असतात. त्यातून पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं आणि त्यामुळेच आतली बाजू ऋण, म्हणजे शांत राहते. सॅनशूल हे झिरपणं बंद करतं. बाहेरून काही आत आलं नाही, कुणी कुठली उघाडी उघडली नाही. बांधाचा निचरा तेवढा बुजवला. तरी आतली पातळी वाढते आणि ठोके सुरू होतात. ते मुख्यतः स्पर्शाच्या आणि थरथर ओळखणाऱ्या धाग्यांत पडतात म्हणून आग होत नाही, ओठ झिणझिणतात. २०१३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना हे लावून बोटाला यंत्राची थरथर दिली आणि दोन्हींचा वेग जुळवायला सांगितलं, तेव्हा ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरल्यासारखी निघाली. तिरफळ ठेचून त्यातलं काळं बी काढून टाकणाऱ्या आमच्या आजीला या ५० शी काही देणंघेणं नव्हतं, पण किती तिरफळं घातली की जीभ बधिर व्हायला लागते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खाजकुइली हा आणखी वेगळा मामला आहे आणि ताईंच्या प्रश्नाला तो थेट जोडलेला आहे, कारण तिथेही लोक चुकीचं औषध घेतात. पावसानंतर कुंपणाच्या झाडांवर तिच्या तपकिरी लवेच्या शेंगा लटकतात. लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. त्या केसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं. १९५५ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. ते नसेला नक्की काय करतं हे मात्र २००८ मध्ये समजलं. नसेच्या टोकावर काही ग्राहक असे असतात की त्यांची चावी त्यांच्याच अंगात दडवलेली असते. एंझाइमने वरचा तुकडा कापला की ती चावी मोकळी होते आणि ग्राहक स्वतःच स्वतःला चालू करतो. या सगळ्यात हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, संबंध नाही. गांधीलमाशी चावल्यावर किंवा पित्ताच्या गांधी उठल्यावर जी ॲलर्जीची गोळी काम करते, ती खाजकुइलीला म्हणूनच फारशी दाद देत नाही. झोप येते तेवढीच. खरा उपाय म्हणजे न चोळता चिकटपट्टीने किंवा ओल्या मातीच्या लेपाने केस उपटून काढायचे आणि मग धुवायचं. चोळलं की केस आणखी खोल जातात.

आणि विंचू. इंगळी म्हणा, लाल विंचू म्हणा. त्याच्या विषातले काही घटक सोडियमच्या उघाडीला मिटूच देत नाहीत. एक ठोका पडून संपायला हवा तिथे ठोक्यांची माळ लागते, आणि हे फक्त वेदनेच्या नसांत होत नाही. हृदय-रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसांतही होतं. त्यामुळे घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांवर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा वापर रुजवला आणि कोकणात विंचवाने जाणाऱ्या जिवांचं चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. विंचू चावल्यावर गार-गरम करत घरी बसायचं नाही. चिरा उचलताना चावलेला असो की पेंढ्यात, सरळ दवाखाना गाठायचा. लहान मूल असेल तर आणखी घाई करायची.

याच्या बरोबर उलट टोकाला केंड मासा. कोळी तो जाळ्यातून काढून फेकून देतात ते बरोबरच करतात. त्याच्या जातीतल्या माशांत टेट्रोडोटॉक्सिन सापडतं. ते सोडियमची उघाडी बाहेरून बुचासारखी बंद करतं. ओठ बधिर, जीभ बधिर, पुढे श्वासाचे स्नायूही बंद. मी देतो ते लिग्नोकेन तीच उघाडी आतल्या बाजूने बंद करतं. फरक असा की ते टोचलेल्या जागीच राहतं आणि तास-दोन तासांत उतरतं. आतून बंद करायचं म्हणजे आधी आवरण ओलांडून आत जायला हवं, आणि ते औषध विद्युतभाररहित रूपात असेल तरच जाऊ शकतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे औषधाचा मोठा भाग भारित होतो आणि बाहेरच अडकतो. दाढेला पू झालेला रुग्ण 'डॉक्टर, इंजेक्शन लागलंच नाही' म्हणून ओरडतो तेव्हा तो नाटक करत नसतो. त्याच्या नसेपर्यंत औषध पोचलेलंच नसतं. अशा वेळी मी पू असलेल्या जागेत आणखी औषध ओतत बसत नाही, नस जिथे निरोगी भागातून येते तिथे वर जाऊन टोचतो.

आतापर्यंतचं एकत्र बांधतो. नसेच्या विजेवर रसायन पाच प्रकारे हात टाकताना दिसलं: स्वतः चॅनेल उघडणं (मिरची), चॅनेलला हळवं करणं (सूज), शांत ठेवणारा निचरा बुजवणं (तिरफळ), उघडलेला चॅनेल मिटू न देणं (विंचू), आणि चॅनेल बंदच करून टाकणं (केंड, लिग्नोकेन). खाजकुइली पहिल्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. आणखीही प्रकार आहेत, पण ताईंच्या घरात घडलेलं समजायला एवढे भरपूर.

आता सासूबाई. दोन शक्यता आहेत आणि दोन्हींत फार फरक आहे.

पहिली शक्यता निरुपद्रवी. कॅप्सेसिनचा मारा वारंवार झाला तर तो चॅनेल उघडायचा कंटाळा करतो. आत शिरलेलं कॅल्शियमच त्याला मंद करतं. मारा जास्त झाला तर कातडीच्या वरच्या थरातली नसांची टोकं काही काळ आखडून मागे सरतात. हंगेरीतल्या मिक्लोश यांचो यांना १९४० च्या दशकातच हे लक्षात आलं होतं. आज आम्ही याचाच औषध म्हणून उपयोग करतो: नागिणीनंतर राहणाऱ्या आगीवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात आणि तिचा परिणाम तीनेक महिने टिकतो. टोकं पुन्हा वाढतात. ताईंच्या 'नसा खराब होतील का' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. निरोगी हाताला मसाल्याच्या हंगामाने कायमचं नुकसान होण्याची भीती मी बाळगणार नाही. टोकं मागे सरली तरी पेशी मणक्याशेजारी शाबूत असते. शिवाय वर्षानुवर्षं काम केलेल्या तळव्याची कातडी जाड झालेली असते, रसायन तिच्यातून आतच कमी जातं.

दुसरी शक्यता तपासून बघायलाच हवी. सासूबाईंना साखरेचा आजार असेल तर मिरची न लागण्याचं कारण सवय नसून नस मेलेली असणं हे असू शकतं. कुष्ठरोगातही उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आधी जाते. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, 'मी तव्यावरची भाकरी हातानेच उलटते, मला भाजत नाही,' आणि घरचे कौतुकाने हसतात. मी हसत नाही, आधी बोटं बघतो. जुन्या भाजल्याच्या खुणा असतील, फिकट बधिर चट्टा असेल, रात्री पायांची आग होत असेल, तर तपासणी हवी. साधी तपासणी दोन परीक्षानळ्यांची: एकीत गरम पाणी, एकीत गार, डोळे मिटून कुठली कोणती ते सांगायचं. पायाला नायलॉनचा १० ग्रॅमचा तंतू टेकवून स्पर्श कळतो का तेही बघतात. एक सावधगिरी सांगतो. नसांची तपासणी म्हणून एनसीव्ही करायला सांगतात, ती जाड, वेगवान धाग्यांचीच असते. आग वाहून नेणारे बारीक धागे तिच्यात दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'तुम्हाला काही नाही' असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे.

ताईंच्या स्वतःच्या बाबतीत एवढं बघायचं: आग फक्त मिरचीच्या दिवसांत होते की एरवीही? हंगामापुरतीच असेल आणि एक-दोन दिवसांत उतरत असेल तर मिरचीच. मिरची न हाताळताही रात्री हात-पाय जळत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या.

हंगामात काय करायचं ते सोपं आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसत्या पाण्याने धुतलं तर ते जागचं हलत नाही, उलट नखांच्या कडांतून इकडून तिकडे पसरतं. आधी हाताला सढळ खोबरेल चोळा, कापडाने किंवा कागदाने पुसून काढा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. हे दोन-तीनदा करा. गार पाणी त्यानंतर, आणि तेही नुसतं गार. बर्फ थेट कातडीला लावून बसू नका, आग शमली म्हणून किती वेळ गेला ते कळत नाही आणि कातडी गारठून खराब होते. त्या रात्री अंघोळ गार पाण्यानेच. देठ मोडताना हातमोजे घाला, पण पातळ लेटेक्सचे नकोत. कॅप्सेसिन त्यातून झिरपतं. निळे नायट्राइलचे घ्या. हातमोजे काढल्यावरही डोळ्याला हात लावण्याआधी तेल-साबण करायचाच.

आता दिराचा शिंगाळा. तिथे नस पेटवणारं रसायन तेलकट नाही, ते प्रथिन आहे. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांवर पातळ आवरण असतं; काटा घुसला की ते फाटतं आणि विष जखमेत उतरतं. पाकट माशाच्या शेपटीच्या काट्याचंही तसंच. ही प्रथिनं उष्णतेने बिघडतात. शिवाय सोसेल इतपत गरम पाणी त्या जागच्या वेदनेच्या संदेशावरच दाब आणतं, असंही मानतात. कारण यातलं कुठलं किती टक्के यावर वाद असू शकतो, पण उपाय लागू पडतो हे पक्कं. समुद्रातल्या ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या निळ्या प्राण्याच्या दंशालाही ४५ अंशांचं पाणी बर्फापेक्षा सरस ठरतं, हे ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये रीतसर चाचणी करून दाखवलं गेलं. मिरचीच्या हाताला हेच पाणी लावलं तर मात्र मघाचा चॅनेल सताड उघडेल आणि माणूस किंचाळेल.

पाणी किती गरम, हे दुखऱ्या हाताने ठरवायचं नाही. त्या नसा आधीच गोंधळलेल्या असतात, त्यांना चटका नीट कळत नाही, आणि विष उतरलं पण हात भाजला असे रुग्ण मी पाहिले आहेत. दुसऱ्या, चांगल्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने पाणी बघायचं. ४५ अंशांच्या वर जायचं नाही. अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं, पाणी निवलं की बदलायचं. साखरेच्या रुग्णाला हे घरी करू देऊ नका.

ठणका उतरला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. काट्याला उलटे दाते असतात, तुकडा आत राहतो. दिराच्या जखमेजवळ अजून सूज असेल, बोट वाकवताना दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर आजच घ्या. खाऱ्या पाण्यातल्या जखमेतून पसरणारा जंतुसंसर्ग कधी कधी फार वेगाने वाढतो. लाली मनगटाकडे चढताना दिसली किंवा ताप आला तर रात्र काढू नका.

सासूबाईंची साखर शेवटची कधी तपासली होती, ते कळवा.